सर्व भाग तपासण्यात आले

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे. उगाच नाही. माणसावर जबाबदारी येऊन पडली की नोंद ठेवलेली बरी.

साहेबांनी सकाळी बोलावलं. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. एकशे चौदा लिफ्ट, सात मेकॅनिक आणि त्या सातांवर पर्यवेक्षक मी. प्रत्येक इमारतीत एक नोंदवही असते. मेकॅनिक महिन्यातून एकदा जातो, लिफ्ट तपासतो, वहीत काय ते लिहून सही करतो. आता मोठ्या ग्राहकांचं म्हणणं पडलं की या नोंदी वाचवत नाहीत. साहेब म्हणाले, "यापुढे सगळं इंग्रजीत, आणि सगळ्यांचं एकसारखं. हे तुमच्याशिवाय कोण करणार?"

खरंच, कोण करणार? मी दहावी नापास आहे. हे मी लपवत नाही आणि आपण होऊन सांगतही नाही. इंग्रजी शिकलो ते कचेरीतल्या जुन्या फायलींवरून, बावीस वर्षं, जेवणाच्या सुट्टीत. आज आमच्या टायपिस्टबाईसुद्धा अडल्या की मला विचारतात.

संध्याकाळी चार इमारतींच्या वह्या घरी आणून वाचल्या. नमुने उतरवून ठेवतो, पुढे कुणाला खोटं वाटायला नको. "दाराच्या खाचेत बटण अडकलेलं. काढलं. बटण वॉचमनकडे दिलंय." दुसरीत: "मागच्या वेळी दोराला तेल जास्त झालं. चूक माझी. पुसून काढलं." तिसरीत: "मी दोनदा आलो, मशीन रूमची किल्ली नाही. तिसऱ्यांदा येणार नाही." (आला होता. पुढच्या पानावर सही आहे.) चौथीत: "पंखा आवाज करतो. मला तो आवाज माहीत आहे. काही होत नाही."

शेवटचे दोन पानाचे. पाना म्हणजे हिचा धाकटा भाऊ. खिशात कायम दहा-बाराचा पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणतात. नोकरी मीच लावून दिली. हात चांगला आहे. लिखाण असं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझी एक काळी वही आहे. कचेरीत येणारी पत्रं, बँकेच्या नोटिसा, दवाखान्यातल्या पाट्या, जिथे कुठे बरं इंग्रजी वाक्य दिसेल ते मी तिच्यात उतरवून घेत आलो आहे. एकूण अकराशे साठ वाक्यं. ती चार दिवस चाळतोय, आणि आज एक गोष्ट लक्षात आली ती आजवर कशी दिसली नाही याचं नवल वाटतं.

चांगल्या इंग्रजी लिखाणात कुणी काही करतच नाही.

पेमेंट हॅज बीन रिसीव्ड. पैसे मिळालेले आहेत, ते घेतले कुणी हा प्रश्नच नाही. यू आर रिक्वेस्टेड. विनंती झालेली आहे, पण हात जोडून उभा असलेला माणूस कुठे दिसत नाही. इन्कन्व्हीनियन्स इज रिग्रेटेड. खेद झालेला आहे. कुणाला झाला याच्याशी आपल्याला काय करायचंय? किती स्वच्छ, किती अदबशीर! आणि आमची मंडळी काय लिहितात? मी काढलं, मी पुसलं, चूक माझी. शाळेतल्या पोरांच्या भांडणासारखं नुसतं मी-मी.

तेव्हा वाक्य ठरलं. "ऑल पार्ट्स वेअर चेक्ड अँड वेअर फाउंड टू बी इन गुड वर्किंग ऑर्डर." म्हणजे सर्व भाग तपासण्यात आले व ते सुस्थितीत आढळून आले. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं.

लेक अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "पण बाबा, तपासले कोणी?"

"इंग्रजीत ते सांगावं लागत नाही. हीच त्या भाषेची श्रीमंती आहे."

"बरं," म्हणाली. तिला पुढे बोलायचं होतं, पण समजूतदार आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गोडाऊनमध्ये सातही जणांचा वर्ग घेतला. फळ्यावर वाक्य लिहिलं, सगळ्यांकडून वीस-वीस वेळा लिहून घेतलं. आता मला मास्तर म्हणायला लागले आहेत. म्हणताना हसतात, पण हुद्दा तो हुद्दा.

पानानं हात वर केला. "भावोजी, आणि एखादा भाग सुस्थितीत नसला तर?"

"तर तो सुस्थितीत आणायचा, मग वाक्य लिहायचं."

"आणि माझ्याकडे तो भाग नसला तर?"

"तर मला सांगायचं. भाग मागवायची चिठ्ठी माझ्याच सहीनं जाते, हे तुला सहा वर्षं ठाऊक आहे."

"म्हणजे वहीत नाही लिहायचं?"

"वही ग्राहक वाचतो. ग्राहकाला घाबरवायचं आहे का तुला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पान्या, गप बस की, जेवायची वेळ झालीय." वर्ग शिस्तीत पार पडला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी माझ्या हातून हिचा चिनी मातीचा कप गेला. म्हटलं, "कप फोडण्यात आला आहे." गंमत म्हणून म्हटलं होतं.

ही केरसुणी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. "तुकडे वेचण्यात येऊ देत."

हिला विनोद आवडला असावा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वीस वेळा लिहून घेऊनही चौघांनी चार तऱ्हांनी लिहिलंय. एकानं तर "गुड वॉकिंग ऑर्डर". लिफ्ट चालायला लागली म्हणजे! अखेर डोकं चालवलं आणि वाक्याचा रबरी शिक्का करून घेतला. सात शिक्के, सात शाईच्या पेट्या. आता फक्त तारीख आणि सही. साहेब शिक्का हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे कंपनीला फार वर्षांपूर्वी हवं होतं."

मेकॅनिकांचा वेळही वाचतो. पूर्वी एका लिफ्टला तास लागायचा, आता पस्तीस मिनिटांत मोकळे होतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

निळ्या शाईचा शिक्का पुसट उठतो. काळ्या शाईची एक पेटी आणवली.

दुपारी सव्वाबाराला पानाचा फोन, एका सात मजली इमारतीच्या मशीन रूममधून. ब्रेकचा लायनर घासून दीड मिलिमीटर राहिलाय म्हणाला. तीनच्या खाली गेला की बदलायचा, हे मीच त्याला शिकवलंय. म्हटलं, "चिठ्ठी मी लिहितो, तू शिक्का मारून मोकळा हो." तर म्हणतो, "भावोजी, शिक्क्यात लायनर नाहीये." म्हटलं, सर्व भाग म्हटल्यावर लायनर त्यातच आला. लिफ्ट बंद ठेवू का म्हणाला. म्हटलं, दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

काळी शाई छान उठते. शिक्क्यावर आता प्रत्येक अक्षर वाचता येतं.

११ मार्च, मंगळवार

अपघात. सात मजली इमारत, तिसरा मजला, सकाळी नऊ चाळीस.

लिफ्ट मजल्याच्या पातळीला न थांबता घसरून खाली थांबली. दार उघडलं, आत पाऊल टाकलं ते खोल गेलं आणि त्या मजल्यावरच्या बाई तोल जाऊन आत पडल्या. वय बहात्तर, निवृत्त नर्स. खुब्याचं हाड मोडलं.

मी दहा पंचवीसला पोचलो. फरक साडेचार इंच. दोन्ही टोकांना मोजला, दोन्हीकडे तेवढाच. ब्रेकचा लायनर जवळजवळ संपलेला. वहीत फेब्रुवारीची नोंद स्वच्छ आहे. निळ्या शाईतला शिक्का, खाली पानाची सही.

१३ मार्च, गुरुवार

पानाला घरी बसवलं. चौकशी सरकारी निरीक्षक करणार. परवाना गेला तर दुसरी कुठली कंपनी त्याला दारातही उभं करणार नाही, आणि त्याला दुसरं काही येत नाही. त्याच्या दोन मुली शाळेत आहेत.

साहेब म्हणाले, "तुमची पद्धत चोख आहे. तिच्यामुळेच आपल्याला लगेच कळलं की सही कुणाची." मला बरं वाटलं. मग घरी येईपर्यंत ते बरं वाटणं कमी कमी होत गेलं. कारण कळत नाही. ॲसिडिटी असेल.

१७ मार्च, सोमवार

चौकशीचा पहिला दिवस. निरीक्षक बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर. इमारतीच्या तळमजल्यावर एक टेबल मांडलं होतं. एका बाजूला साहेब आणि मी, समोर पाना. धुतलेला शर्ट, खिशात पाना नाही. खिसा फार मोकळा मोकळा वाटत होता.

"लायनर झिजलेला तुम्हाला दिसला नाही?"

पाना इंग्रजीत म्हणाला, "लायनर वॉज रिपोर्टेड, सर."

"कुणाला सांगितलं?"

"इट वॉज रिपोर्टेड."

"अहो, पण कुणाला? नाव सांगा."

पानानं छताकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "रिपोर्टेड, सर," इतकंच.

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, नाव नसेल तर तुम्ही कुणालाच सांगितलं नाही, असं मी धरणार. पुढच्या मंगळवारपर्यंत आठवून ठेवा."

एक मात्र नोंदवून ठेवतो. पानाचं वाक्य निर्दोष होतं. महिन्याभरापूर्वी ज्याला साधं वाक्य जुळवता येत नव्हतं, त्यानं निरीक्षकांसमोर, ताणात, न चुकता म्हटलं. नाव तेवढं सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही, मला अंदाज नाही.

१८ मार्च, मंगळवार

हिला सगळं सांगितलं. वाक्याचंही सांगितलं. ही भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"त्यानं कुणाला सांगितलं होतं?"

"वाक्यात तसं नव्हतं."

"वाक्याचं नाही विचारत. भाग मागवायचा असला की तो कुणाला सांगतो?"

"मला."

हिनं भाजी पूर्ण चिरली, फोडणीला टाकली, मला वाढली, आणि स्वतःचं ताट घेऊन लेकीच्या खोलीत गेली.

१९ मार्च, बुधवार

मी ही दैनंदिनी सहसा मागे उलटून वाचत नाही. आज वाचली.

चोवीस फेब्रुवारी. सव्वाबारा.

चिठ्ठ्यांचं पुस्तक कपाटातून काढलं. चोवीसला चिठ्ठी नाही. पंचवीसला नाही. सव्वीसला एक आहे, शाईच्या सात पेट्यांची.

२१ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, पाय वजन लावून बांधलेला. म्हटलं, लिफ्ट कंपनीकडून आलोय.

"इथली लिफ्टपण तुमच्याकडेच आहे का?"

"नाही."

"बरं झालं." मग म्हणाल्या, "बसा. उभ्यानं बोललात की डॉक्टर वाटता."

बसलो. दहा मिनिटं बसलो. झालेल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे, इथपर्यंत तोंडाशी आलं होतं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला काही बोलायचंय का? नसेल तर तो पंखा एकावर करा, आणि जाताना दार ओढून घ्या." पंखा एकावर केला. दार ओढून घेतलं.

२२ मार्च, शनिवार

निरीक्षकांना द्यायचं निवेदन लिहायला बसलो. पहिला मसुदा: "द स्लिप वॉज नॉट रिटन." चिठ्ठी लिहिली गेली नाही. वाचलं. खरं आहे. पण हे वाचून कुणाला वाटेल की चिठ्ठीच आळशी होती.

दुसरा मसुदा: "इट वॉज फरगॉटन." विसर पडला. हेही खरं. पण विसर काही आकाशातून पडत नाही.

मग काळी वही काढली. अकराशे साठ वाक्यांत "आय" नं सुरू होणारी किती, ते मोजलं. नऊ. नऊही रजेच्या अर्जांतली. आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर. आय शॅल बी ग्रेटफुल. म्हणजे बावीस वर्षं ज्या कचेरीतल्या कागदांवरून मी शिकलो, तिथे माणूस स्वतः पुढे येतो तो फक्त ताप आल्यावर.

लेक चहा घेऊन आली, मसुदे वाचले. मला वाटलं चूक काढेल.

म्हणाली, "इंग्रजी बरोबर आहे, बाबा." आणि गेली. यापेक्षा चूक काढली असती तर बरं झालं असतं.

२४ मार्च, सोमवार

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावून घेतलं आणि फोनचं सांगितलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, हे जास्त वाईट.

"तुम्हाला कळतंय ना, काय बोलताय? मेकॅनिक चुकला तर एक माणूस चुकला. पर्यवेक्षक चुकला तर कंपनी चुकली."

"पण सर, त्यानं सांगितलं होतं."

"मग तसं म्हणा. पण नीट म्हणा. हे तर तुमचंच क्षेत्र आहे." त्यांनी चिठोरं ओढलं आणि लिहिलं: "देअर वॉज अ डिले इन द सप्लाय ऑफ द पार्ट." भागाच्या पुरवठ्यात विलंब झाला. "यात कुणीच खोटं बोलत नाही. फार तर तुमच्या मेव्हण्याला सहा महिन्यांनी परत घेऊ. हेल्पर म्हणून."

वाक्य सुरेख होतं. माझ्या दोन्ही मसुद्यांपेक्षा सरस. चिठोरं घडी घालून खिशात ठेवलं. जिना उतरताना खिशावरून दोनदा हात फिरवला. खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखं वाटलं होतं.

घरी हिनं विचारलं, "उद्या काय बोलणार आहात?"

"विलंब झाला असं."

"कुणाला विलंब झाला? त्या बाईंना की माझ्या भावाला?"

गेल्या सहा दिवसांत ही माझ्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

२५ मार्च, मंगळवार

तेच टेबल. पानाला विचारलं, "नाव आठवलं?" पाना म्हणाला, "नाही, सर." या खेपेला मराठीत.

निरीक्षक लिहायला लागले. त्यांचं अक्षर मला उलट्या बाजूनंही वाचता येतं. पानाच्या नावापुढे "नेग्लिजन्स" असा शब्द सुरू झाला होता, चार अक्षरं झाली होती.

मी उभा राहिलो. खिशात चिठोरं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, हळूच, वाच म्हणून.

म्हटलं, "मला फोन केला होता त्यानं. चोवीस फेब्रुवारी, दुपारी सव्वाबारा. लायनर दीड मिलिमीटर म्हणाला. लिफ्ट बंद ठेवू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. शिक्का मार म्हटलं. चिठ्ठी मी लिहिणार होतो. मी लिहिली नाही. मी विसरलो. त्या दिवशी मी शाई बघत होतो."

एका दमात झालं. लिहून काढलेलं नव्हतं, त्यामुळे बरोबर होतं की नाही सांगता येत नाही.

निरीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पुरावा?"

दैनंदिनी पुढे केली. त्यांनी त्या दिवसाचं पान वाचलं. खालची ओळही वाचली, काळी शाई छान उठते ती, आणि माझ्याकडे पाहिलं. मग दोन पानं मागे गेले. कपाचा भाग वाचत असावेत, कारण ओठ हलल्यासारखे वाटले. त्या चार अक्षरांवर त्यांनी रेघ मारली.

साहेब गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "मास्तर, तुम्ही मराठीत बोलायला नको होतं." मला वाटतं, त्यांचं बरोबर आहे.

संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात गेलो. बाईंना पंखा लावायचा होता. तो लावला, आणि मग सांगितलं. फोन, लायनर, चिठ्ठी, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी तुम्हाला माफबिफ करणार नाही हां. माझा पाय फार दुखतो." म्हटलं, ठीक आहे. "उद्या येणार असाल तर माझ्या घरून चष्मा आणा. शेजारणीकडे किल्ली आहे. लिफ्टनं जाऊ नका."

७ एप्रिल, सोमवार

कंपनीचं पत्र आलं. मला पर्यवेक्षक पदावरून मुक्त करण्यात आलं आहे. इंग्रजीत आहे. मुक्त कुणी केलं ते लिहिलेलं नाही, खाली सहीसुद्धा टायपिस्टबाईंची. पानाचा परवाना शाबूत आहे, त्याला एक तारखेपासून परत घेतलं. मी पुन्हा मेकॅनिक; पण माझा हात बावीस वर्षांत सुटला आहे, म्हणून सहा महिने दुसऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली काम करायचं. यादीत त्या मेकॅनिकच्या जागी पानाचं नाव. हे कुणाला गंमत म्हणून सुचलं की दुसरं कुणी तयार झालं नाही, ते कळायला मार्ग नाही.

सकाळी साडेआठला नऊ मजली इमारतीच्या दारात भेटलो. जिन्यानं वर गेलो. मला सातव्या मजल्यावर थांबावं लागलं. तो दोन पायऱ्या वर थांबला, घामाचा रुमाल बाहेर काढून पुन्हा खिशात घातला.

मशीन रूममध्ये त्यानं कुलूप उघडलं, दिवा लावला, वीज बंद केल्याची पाटी टांगली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "भावोजी, एक विचारू?"

"विचार."

"पहिल्या दिवशीच का नाही बोललात? आठ दिवस माझी बायको जेवली नाही धड."

मी खरं तेच सांगितलं. "वाक्य जमत नव्हतं."

तो वळला. मला वाटलं आता हसेल, किंवा शिवी देईल. दोन्हीसाठी मी तयार होतो. त्यानं दोन्ही केलं नाही. कोपऱ्यातली शिडी उचलून भिंतीला लावली.

"धरा," म्हणाला. "हलते ती. आणि वर बघत राहा. मी काही म्हटलं तर लगेच ऐकायचं, नंतर नाही."

मी शिडी धरली.